सांगेल तो घेणार नाही

शरच्चंद्र पिंपळापुरे यांना मेथीच्या जुडीचा भाव करता येत नाही, हे धरमपेठेतल्या भाजीवाल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. बाई वीस म्हणाली की हे वीस देतात आणि वर विचारतात, "तुम्हाला परवडलं ना?" अशा वेळी त्यांच्या पत्नी नीलाताई चार पावलं मागे राहून आकाशाकडे बघतात, जणू हे गृहस्थ कोण, कुठले, आपल्याला काही माहीत नाही. पण हाच माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा चांदीचा रुपया तळहातावर घेतो, अंगठ्याने कड चाचपतो, डोळे मिटतो आणि असा आकडा सांगतो की परगावचे व्यापारी फोनवर जरा वेळ कुरकुरतात आणि मग तेवढेच पैसे पाठवतात.

सरकारी हिशेबाच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. उंच, किंचित वाकलेले, अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात भिंग. आवाज इतका मऊ की तिसऱ्या रांगेपलीकडे जाणार नाही. रंगभूमीवर हा माणूस एक प्रयोग टिकला नसता. पण नाणं हातात आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही चालतं, ते बघायला तिकीट लावलं तरी लोक येतील.

त्यांच्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून आलेले असतात. देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं, त्याचे दहा लाख मिळतात असं कोणीतरी सांगितलेलं. मागे एक ऑटोवाला असाच आला, ऑटो फाटकात आडवा लावून. शरच्चंद्रांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि ते नाणं भिंगाखाली इतका वेळ बघितलं की आत नीलाताईंना वाटलं, खरंच काही निघालं की काय. मग ते म्हणाले, "नाणं खरं आहे. पण सरकारने अशी फार पाडली हो. खर्च करू नका, मुलीच्या गल्ल्यात टाका." ऑटोवाल्याचे दहा लाख गेले, मान मात्र जागेवर राहिला. आजही शरच्चंद्र रस्त्याने चालताना दिसले की तो ऑटो थांबवून त्यांना बसा म्हणतो.

असल्या नाण्याचा भाव सांगणं सोपं. रोज विकली जाणारी जुनी नाणीही सोपीच. त्यांचा भाव कांद्यासारखा, सकाळी दोन फोन लावले की कळतो. खरी परीक्षा त्या नाण्याची, जे दहा-पंधरा वर्षांत एखाद्या वेळी विकायला येतं. त्याचा भाव विचारायचा कोणाला? मागच्या खेपेला ज्याने घेतलं तो देवाघरी गेलेला असतो आणि ज्याने विकलं तो सांगत नाही.

"अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायची," शरच्चंद्र म्हणतात, "लग्नाच्या स्थळाची करतो तशी." म्हणजे त्याच टांकसाळीची, त्याच काळातली, जरा कमी दुर्मिळ नाणी कितीला गेली ते बघायचं आणि तिथून एकेक पायरी वर चढायचं. आणि नाणी किती उरलीत ते मोजण्याआधी घेणारे किती उरलेत ते मोजायचं. "चार नाणी आणि दोन गिऱ्हाइकं, याला दुर्मिळ म्हणत नाहीत," ते सांगतात. "याला माल पडून आहे म्हणतात."

दर रविवारी सकाळी नागपुरातली ही नाणेवेडी मंडळी डॉक्टर चारुशीला यांच्या दातांच्या दवाखान्यात जमतात. चारुशीलाबाई स्वतः तांब्याच्या नाण्यांमागे वेड्या. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे जागा फुकट. आणि नाणं बघायला दातांच्या खुर्चीवरच्या दिव्यासारखा दिवा साऱ्या शहरात नाही. खुर्चीवर हिरवं कापड अंथरतात, त्यावर नाणं ठेवतात, दिवा खाली ओढतात आणि सगळे भोवती वाकतात. बाहेरून कोणी बघितलं तर वाटावं, एखाद्या फार छोट्या माणसाची फार मोठी दाढ काढणं चालू आहे. मध्येच कोपऱ्यावरून तर्रीपोहे येतात, आणि पोहे झाले की चारुशीलाबाई एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवतात. सत्तरीचे लोक मुकाट्याने रांगेत उभे राहतात.

या बैठकीत एक जुना रिवाज आहे. त्याला सगळे "सांगेल तो घेणार नाही" असंच म्हणतात. खेड्यापाड्यांतून लोक आजीचं, पणजीचं नाणं घेऊन येतात. पूर्वी कोणीतरी हुशार माणूस त्यांना "दोनशे रुपयांचं आहे हो" असं सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप अडीचशे देऊन ते उचलायचा. ते बंद व्हावं म्हणून बैठक सुरू करणाऱ्या जुन्या लोकांनी नियम घालून दिला. ज्याच्या तोंडून नाण्याचा पहिला आकडा निघेल तो त्या नाण्याचा सांगणारा. आकड्यामागची कारणं त्याने सर्वांसमोर द्यायची, कोणाला पटलं नाही तर त्याने तिथेच बोलायचं. आणि मग काहीही झालं तरी सांगणाऱ्याने ते नाणं घ्यायचं नाही. स्वतःच्या नावावर नाही, बायकोच्या नाही, मेहुण्याच्या नाही.

या नियमाचा परिणाम मोठा गमतीचा झाला. ज्याला नाणं हवं तो तोंड उघडत नाही. साधं नाणं आलं की चारी बाजूंनी आकडे येतात. चांगलं आलं की एकाला पंखा फार जोरात वाटू लागतो, दुसऱ्याला न वाजलेला फोन येतो, तिसरा दात कसे घासावेत याचा भिंतीवरचा तक्ता वाचायला जातो. नाणं जितकं मोलाचं तितकी खोली मुकी. इतके कच्चे नट इतकं मन लावून काम करताना दुसरीकडे कुठे पाहायला मिळायचे नाहीत.

म्हणून सांगायचं काम बहुतेक वेळा शरच्चंद्रांकडे येई, कारण एक नाणं सोडलं तर त्यांना काही नको असे. नागपूरच्या भोसल्यांच्या रुपयांची एक मालिका त्यांनी उभ्या आयुष्यात जुळवत आणली होती आणि ती पुरी व्हायला एकच नाणं कमी होतं. फारसी अक्षरांच्या मधोमध पाच पाकळ्यांचं इवलंसं फूल असलेला रुपया. असे तीन-चारच त्यांच्या माहितीत होते, आणि तेही परगावी, न विकणाऱ्यांच्या कपाटांत. मखमलीच्या ट्रेमध्ये त्याची जागा शरच्चंद्रांनी रिकामी ठेवली होती. नीलाताई पाहुण्यांना ती जागा आवर्जून दाखवत. "हे आमच्या घरातलं सगळ्यात महाग नाणं," त्या म्हणत. "अजून आलेलं नाही."

ते नाणं आणखी एका माणसाला हवं होतं. भैयाजी भुसारी, जरीपटका भागातले हार्डवेअरवाले. मोठा आवाज, मोठं पोट, आणि मन तर त्याहून मोठं; पण हे शेवटचं कोणाला कळू नये म्हणून जन्मभर चाललेली धडपड. दोघे एका शाळेतले, एका बाकावरचे. शरच्चंद्रांच्या मालिकेतला पहिला रुपया भैयाजींकडूनच आलेला. मधल्या सुट्टीत गोट्यांच्या डावात कंचे हरले, देण्यासाठी कंचे उरले नाहीत, म्हणून आजोबांच्या पेटीतला रुपया आणून दिला. घरी मार बसला. तो कोणाला दिला हे मात्र पोराने सांगितलं नाही, आणि शरदकडे परतही मागितला नाही. "हारलो ते हारलो," एवढंच म्हणाला.

भैयाजींना मालिका वगैरेंचं काही नव्हतं. डोळ्यांना आवडेल ते घ्यायचं. फुलाचा रुपया मात्र त्यांना शरच्चंद्रांना हवा होता म्हणूनच हवा होता, आणि गेली कित्येक वर्षं त्यांनी त्याचा माग सोडला नव्हता.

"मले भेटला ना शरद," ते म्हणत, "तर मी तो माह्या देव्हाऱ्यात ठेवीन. तू रोज ये दर्शनाले. नारळ घेऊन ये."

"येईन," शरच्चंद्र म्हणत. "प्रसाद काय देशील?"

"वॉशर."

त्या रविवारी थंडी सरत आली होती. हात धुऊन सगळे परत खुर्चीभोवती जमत होते, तेवढ्यात दार ढकलून दोन बायका आत आल्या. पुढे बायजाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, पण चाल अशी की दवाखाना त्यांच्याच नावावर असावा. मागे त्यांची सून करिष्मा, खांद्याला कापडी पिशवी. दोघी भिवापूरहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या.

"नाणं पाहाणारे मास्तर इथंच बसते का?" बायजाबाईंनी विचारलं.

"मास्तर नाही, पण बसतो इथेच," शरच्चंद्र उभे राहिले. "या, बसा ना."

"त्या खुर्चीवर नाही बसत मी," दातांच्या खुर्चीकडे पाहत त्या म्हणाल्या. "आहे तेवढे दात राहू द्या."

त्यांना बाकावर जागा करून दिली. करिष्माने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "हे आमच्या घरी तिखटाच्या मडक्यात राहायचं," ती म्हणाली. "आजेसासूबाईंनी ठेवलेलं. चोर कुठंही हात घालीन, तिखटात घालत नाही म्हणायच्या." आणि तिने झाकण उघडलं.

भिवापुरी मिरचीची ओळख करून द्यावी लागत नाही, ती स्वतःच करून देते. पहिल्यांदा चारुशीलाबाई शिंकल्या, मग त्यांच्या शेजारचे, मग ओळीने सगळी बैठक. भैयाजींची शिंक रस्त्यापलीकडे गेली असावी. बायजाबाई आणि करिष्मा मात्र निवांत बसून होत्या, दुसऱ्याच्या घरचं भांडण ऐकत बसावं तशा.

"चिमूटभर तर तिखट हाय," बायजाबाई म्हणाल्या. "शहरातले माणसं लय नाजूक वं."

शिंका ओसरल्यावर करिष्माने काम सांगितलं. घरच्या मिरचीचं तिखट करून स्वतः विकायचं तिने ठरवलं होतं. कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. त्यासाठी खोली बांधून तयार होती, यंत्राचे पैसे जमत नव्हते. तिने या नाण्याचा फोटो नात्यातल्या कोणाला पाठवला होता. तो फिरत फिरत एका व्यापाऱ्यापर्यंत गेला, आणि तो चाळीस हजार देतो म्हणाला. उद्या सकाळी पैसे घेऊन भिवापूरला येणार होता.

"चाळीसात यंत्र येत नाही," ती म्हणाली. "पण साधंच नाणं असलं तर चाळीस तरी काहून सोडायचे? काही समजून नाही राहिलं."

"मी म्हंटलं हिले," बायजाबाई म्हणाल्या, "जो माणूस न मागता चाळीस देऊन राहिला, त्याले ते चाळीसाचं नाही वाटून राहिलं. आधी विचारून येऊ."

चारुशीलाबाईंनी मऊ ब्रशने तिखट झटकलं, नाणं हिरव्या कापडावर ठेवलं आणि दिवा खाली ओढला. शरच्चंद्र भिंग घेऊन वाकले.

फूल. पाच पाकळ्या, एकही न झिजलेली. घरोघरची देव्हाऱ्यातली नाणी दिवाळीच्या दिवाळी चिंचेने घासून घासून गुळगुळीत झालेली असतात. याला तिखटाच्या धाकाने कोणी हात लावला नव्हता. शरच्चंद्रांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग कड चाचपली. मग सरळ उभे राहिले. ज्या पात्राची वाट बघत नाटकाचे तीन अंक उलटावेत, ते शेवटी स्टीलच्या डब्यात बसून एसटीने यावं, असं काहीसं त्यांना वाटलं.

खोली मुकी झाली होती. पण आज कोणाला पंखा लागत नव्हता, कोणाचा फोन वाजत नव्हता. सगळे शरच्चंद्रांकडे बघत होते. ट्रेमधली ती रिकामी जागा प्रत्येकाने पाहिली होती. त्यांनी आकडा उच्चारला की नाणं त्यांच्या हातून कायमचं जाणार, आणि गप्प राहिले तरच ते त्यांना घेता येणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त बाकावरच्या दोघींना.

"मंग?" बायजाबाईंनी विचारलं. "बोला की बापू."

"तुम्ही असं करा, पुढच्या रविवारी..." शरच्चंद्रांनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. व्यापारी उद्या येणार होता.

चारुशीलाबाईंना त्यांची अडचण दिसली. त्या हलकेच म्हणाल्या, "मी सांगू का आकडा? मला काही ते घ्यायचं नाही."

वाट सोपी होती. चारुशीलाबाईंना चांदीच्या रुपयांमधलं फारसं कळत नसे आणि त्या ते मोकळेपणी सांगत. त्यांनी प्रामाणिकपणे पन्नास हजार म्हटलं असतं, फार तर साठ. नियम पाळला गेला असता, करिष्माला चाळीसापेक्षा वीस जास्त मिळाले असते, आणि संध्याकाळच्या आत रुपया ट्रेमधल्या आपल्या जागी जाऊन बसला असता. कोणी एका शब्दाने बोललं नसतं. चहाचा एक घोट गिळायला लागतो तेवढ्या वेळात हे सगळं शरच्चंद्रांच्या मनात येऊन गेलं. साठ हजार हा आकडा त्यांना फार सुंदर वाटला.

करिष्मा डब्याचं झाकण लावत होती. लागलं होतं, तरी पुन्हा काढून लावत होती.

"नको डॉक्टर," शरच्चंद्र म्हणाले. "मीच सांगतो."

भैयाजी खिडकीशी उभे होते. ते पाठीमागे बांधलेले हात सोडून पुढे आले.

एरवी शरच्चंद्र आकडा आधी सांगत आणि कारणं मग. आज उलटं चाललं. ज्या घरात पुन्हा यायचं नाही अशा घरातून निघताना माणूस चप्पल शोधण्यात वेळ लावतो, तसे ते कारणांपासून सुरू झाले.

"बायजाबाई, या रुपयाचा एक भाऊ आहे," ते म्हणाले. "अगदी असाच, पण त्याच्यावर फूल नाही. तसे वर्षाकाठी चार-पाच तरी विकले जातात, सात-आठ हजारांना. ही पहिली पायरी. दुसरा भाऊ आहे, त्याच्यावर फुलाऐवजी चंद्रकोर असते. तो दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. मागच्या वर्षी तीस हजारांना गेला."

"हा तिसरा भाऊ," बायजाबाई म्हणाल्या.

"हा तिसरा. हा शेवटचा विकला गेला त्याला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा चंद्रकोरवाला अकरा हजारांना मिळायचा आणि फुलाचा पंचेचाळीसला गेला. म्हणजे चौपट. आणि तो घासलेला होता, वर भोक पाडून बुजवलेलं. तुमचा कोरा करकरीत आहे. म्हणून थोडं चढवायचं. पण तेव्हा घेणारे पाच होते. दोघे वारले, एकाच्या मुलाने सगळी नाणी विकून मोटार घेतली. दोघंच उरले. म्हणून बरंच उतरवायचं."

करिष्मा पुढे सरकून ऐकत होती. "दोघंच असले तर भाव कसा काय येईन?" तिने विचारलं.

"ते दोघे किती हट्टी आहेत त्यावर."

"हायेत का हट्टी?"

शरच्चंद्रांनी भैयाजींकडे पाहायचं टाळलं. "एक तर फारच आहे," ते म्हणाले.

"दोघंबी हायेत," भैयाजी छताकडे बघत म्हणाले.

"तर हे सगळं धरून," शरच्चंद्रांनी नाणं उचललं. ते त्यांना परत एकदा तळहातावर घ्यायचं होतं, एवढंच. "हे सगळं धरून, माझ्या मते याची आजची किंमत..."

आणि त्यांनी श्वास घेतला. तो जरा लांबला. रंगमंचावर ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हा श्वास ठाऊक असतो. समोरच्या नटाला वाक्य पळवायला तेवढी फट पुरते.

"एक लाख दहा हजार," भैयाजी म्हणाले.

पंख्याचा आवाज खरोखरच मोठा वाटू लागला.

"भैयाजी," शरच्चंद्र म्हणाले, "तू हे काय केलंस?"

"का केलं? आकडा सांगतला. पहिला माह्या तोंडून निघाला. बाकीच्यायनं आयकला का?"

सगळ्यांनी ऐकला होता.

"अरे, पण आता तुला ते घेता येणार नाही."

"मले कुठं घ्यायचं हाय? देव्हाऱ्यात जागा नाही राहिली."

चारुशीलाबाईंनी हसू दाबत नियमावर बोट ठेवलं. "भैयाजी, सांगणाऱ्याने कारणं द्यायची असतात."

"कारणं ह्यानंच सांगतली ना येवढा वेळ," भैयाजी म्हणाले. "मी फक्त बेरीज केली."

"कोणाला आकडा पटत नसेल तर आत्ता बोला," चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि सगळे पुन्हा शरच्चंद्रांकडे वळले. त्यांच्या मनात एक लाख होते, फार तर वर दोन-चार हजार. भैयाजींना ते नक्की कळलेलं होतं. साठ वर्षांच्या ओळखीत माणसाच्या मनातला आकडा न वाचता येण्यासारखं काय उरतं? वरचे हजार हे भैयाजींनी मुद्दाम चढवले होते, मोकळं केल्याबद्दलची वसुली म्हणून, आणि आता ते शरच्चंद्रांकडे अत्यंत निरागस चेहऱ्याने बघत होते. शरच्चंद्रांनी तो आकडा मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला. चौपटीच्या आत बसत होता. तो चूक म्हणता येत नव्हता. आणि नाणं ज्याला हवंय त्याने भाव जास्त आहे म्हणायचं नाही, हे नियमात नसलं तरी त्यांच्या स्वभावात होतं. मेथीच्या जुडीपासून होतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"पण एक लाख दहा देणार कोण?" करिष्माने विचारलं. "तो तर चाळीसवाला हाय."

"मी," शरच्चंद्र म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असेल.

बायजाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले पाह्यजे होतं हे?"

"हो."

"कधीपासून?"

"फार दिवस झाले."

"मंग आधीच काहून नाही बोलले गा? हिनं डबा उघडला तवाच म्हणा लागत होतं."

"आमच्यात बोलला तो मेला, मावशी," भैयाजी म्हणाले.

"मंग तुमी काहून बोलले?"

भैयाजींनी रुमालाने मान पुसली. "पोहे तिखट होते," ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं."

शरच्चंद्रांनी कोपऱ्यात जाऊन नीलाताईंना फोन लावला. खोली इतकी गप्प होती की दोन्ही बाजू सगळ्यांना ऐकू आल्या.

"अगं, ते नाणं आलंय."

"कुठलं? रिकामं?"

"तेच. एक लाख दहा हजार."

पलीकडे कुकरची शिटी झाली. "भाव कोणी सांगितला?"

"भैयाजीने."

"मग थोडे जास्त असतील."

"आहेत."

"घ्या," नीलाताई म्हणाल्या. "आणि भैयाजींना सांगा, पुढच्या रविवारी जेवायला या. वसुली मी करीन."

शरच्चंद्रांनी भिंगाच्या पेटीतून एक घडी घातलेला कोरा चेक काढला. या एका नाण्यासाठी ते तो जवळ बाळगत आले होते. बँकेने चेकबुकं बदलली तसा तोही बदलत गेला होता. त्यांनी तो गुडघ्यावर धरून लिहिला. सही नेहमीपेक्षा जरा देखणी आली.

बायजाबाईंनी चेक दिव्याखाली धरून पाहिला. "कागदच हाय हा," त्या म्हणाल्या. "नाही वटला तं?"

"तर माझ्याकडे या," चारुशीलाबाई म्हणाल्या. "याच खुर्चीत बसवून यांचे सगळे दात काढून देते तुम्हाला."

ही हमी बायजाबाईंना पटली. त्यांनी नाणं उचललं, कपाळाला लावलं, थोडा वेळ मुठीत धरलं आणि शरच्चंद्रांच्या हातावर ठेवलं. "तिखटात ठेवजा," त्यांनी बजावलं. "घासजा नका." मग सुनेला म्हणाल्या, "चाल वं. त्या चाळीसवाल्याले फोन कर, म्हणा उद्या येऊ नको. आला तर तिखट घेऊन जाय म्हणा, भाव सांगतो." करिष्मा दारात थांबली, परत आली, आणि तिने डब्यातलं उरलेलं तिखट कागदात बांधून चारुशीलाबाईंच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी नाकावर रुमाल धरून तिचे आभार मानले.

मंडळी एकेक करून पांगली. प्रत्येकाने जाताना नाणं एकदा बघून घेतलं. शेवटी शरच्चंद्र आणि भैयाजी दोघेच जिन्याशी राहिले.

"मी तुला काही म्हणणार होतो," शरच्चंद्र म्हणाले.

"नको म्हणू. तुले येत नाही." भैयाजी जिन्याच्या कठड्याकडे बघत होते. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, आणि हळू आवाज त्यांच्याकडे असेल हे कोणाला माहीत नव्हतं, "एक काम करतो का गा शरद? आजची रात माह्याकडे राहू दे तो. सकाळी आणून देतो. नीट पाह्यलाबी नाही मी."

शरच्चंद्रांनी नाणं मऊ कागदात गुंडाळलं. जरा जास्तच गुंडाळलं. ते भैयाजींच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं आपल्या हातांनी मिटवली. भैयाजींनी पुडी शर्टाच्या खिशात टाकली, खाली उतरले, स्कूटरला किक मारली. निघणार तोच स्कूटर मागून दबली. वळून बघतात तर शरच्चंद्र मागच्या सीटवर बसलेले.

"तू कुठं?"

"जरीपटक्यात काम आहे."

"का काम हाय?"

"खिळे घ्यायचेत."

"किती इंची?"

शरच्चंद्रांनी थोडा विचार केला. "ते दुकानात गेल्यावर बघू," ते म्हणाले, आणि भैयाजींच्या खांद्यावरून हात पुढे नेऊन त्यांनी त्यांच्या खिशाचं बटण लावलं.